अनुभवी नजरेची उड्डाणपूर्व तपासणी

विमान उडण्याआधी ते तपासावं, यावर साऱ्या जगाचं एकमत आहे. कोणी तपासावं, याबद्दल मात्र आमच्या फ्लाइंग क्लबचं स्वतंत्र धोरण आहे. मेकॅनिक तपासत नाही, कारण वैमानिक तपासतोच. वैमानिक तपासत नाही, कारण मेकॅनिकला वाईट वाटतं. (आमच्याकडे माणसं जपली जातात.) मी सुरक्षा अधिकारी. दोघांवर माझा पूर्ण विश्वास असल्याने मी बघण्याचा प्रश्नच येत नाही.

त्या सकाळी आमचे सर्वांत अनुभवी वैमानिक सासऱ्यांना पहिल्यांदाच विमानात बसवणार होते. लग्नापासून सासरे त्यांची ओळख 'आमचे ड्रायव्हर जावई' अशी करून देत. तो डाग आज धुऊन काढायचा होता. हवा स्वच्छ होती, डाव्या पंखाखाली लाल रिबीन डौलात फडफडत होती, सासऱ्यांची मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती. सासऱ्यांनी गाडीचं दार तीनदा ओढून पाहिलं.

"बाबा, लागलंय हो ते," जावई हसले. मग त्यांनी कॅन्टीनच्या खुर्चीतूनच विमानावर एक अनुभवी नजर टाकली आणि चहा संपवला.

धावपट्टीवर वेगाचा काटा शून्यावरून हलेना. पण सासरे कौतुकाने बघत असताना ब्रेक मारणं बरं दिसलं नसतं. विमान वर गेलं. काट्याच्या मते ते अजून कॅन्टीनसमोरच उभं होतं. वेग मोजणाऱ्या नळीत धूळ जाऊ नये म्हणून तिला टोपी घालतात, आणि टोपी काढायची आठवण राहावी म्हणून टोपीला लाल रिबीन असते. वेग फार कमी झाला तर विमान खाली येतं, आणि तो किती आहे हे आता कोणालाच कळत नव्हतं. खाली मुलीने मोबाईल खिशात ठेवला. तिच्याकडे मला बघवेना.

अंदाजपंचे उतरलेलं विमान उड्या मारत गवतात गेलं. पुढचं चाक मोडलं, सासऱ्यांचा खांदा निखळला.

चौकशी अर्थातच मी केली. "काका, रिबीन दिसली नाही?"

"दिसली की. मला वाटलं, माझ्या स्वागताला बांधलीय. आणि जावईबापूंना कसं विचारायचं? त्यांना कमीपणा वाटला असता."

अहवाल तयार आहे. शून्य वेगाने विमान उडवल्याबद्दल वैमानिकांचा सत्कार, आणि रिबीन दिसूनही गप्प राहिल्याबद्दल सासऱ्यांना समज. नवख्या माणसाला हे कसं कळणार, असा आक्षेप त्यांच्या मुलीने घेतला. तो फेटाळला आहे.

वाचकहो, ती रिबीन मी तुम्हालाही उड्डाणाआधीच दाखवली होती. तुम्हीही काही बोलला नाहीत. समजपत्रावर सासऱ्यांच्या खाली तुमचं नाव घातलं आहे.