बापूंची कंबर

आमच्या मलकापुरात बापूंच्या जिममध्ये नाव घातलं की पहिल्यांदा हातात कुदळीचा दांडा मिळतो. नुसता दांडा. तो खांद्यावर आडवा धरायचा आणि बसायचं, उठायचं. दंड फुगवून आलेलं पोरगं विचारतं, "बापू, वजन कवा?"

"पाठ बघ आरशात. धनुष्य झालंय तिचं. आधी ठेवण, मग वजन."

पोरं ज्याला फॉर्म म्हणतात, त्याला बापू ठेवण म्हणतात. फौजेत कसरतीचे उस्ताद होते, तेव्हापासूनची सवय. निम्मी पोरं दांड्याला कंटाळून हायवेवरच्या एसी जिममध्ये जातात. त्यातली काही कंबर धरून परत येतात. बापू रागवत नाहीत. पुन्हा दांडा पुढं करतात.

हे जिमपुरतं असतं तर मी कशाला बोलले असते? पण मी त्यांची शेजारीण. परवा बाजारात भाजीची पिशवी उचलायला वाकले, तर मागून आरोळी आली, "आक्का, थांबा! कंबर न्हाई, गुडघं वाकवा. पिशवी अंगाजवळ घ्या. आता श्वास सोडत उठा!"

कोथिंबीरवाली म्हणाली, "आवं बापू, आजीचं बाळंतपण चाललंय का काय?"

खरं तर माझी ठेवण बिघडली ती नवी नवरी असतानाच. सासूबाईंनी शाबासकी द्यावी म्हणून मी डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन नाचत यायची. सासूबाई बघायच्याच नाहीत. बघायची ती गल्ली, आणि मी समजायची की माझ्या रूपाकडंच बघतायत. त्या रूपाचं पुढं काय झालं ते आरशाला विचारा. कंबर मात्र अजून ठणकते.

बापूंना स्वतःच्या कमरेची काळजी होती, आणि तिला कारण होतं. त्यांची बायको मालन तीन वर्षांमागं लकव्यानं आडवी झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. अंगानं भरलेली बाई. पुण्याचा मुलगा विनू म्हणाला, "बापू, आईला माझ्याकडं आणतो. इथं चांगली संस्था हाय, बायका असतात उचलायला."

बापू म्हणाले, "माझी कंबर हाय तवर तिला दुसऱ्याचा हात लागनार न्हाई."

"आणि कंबर गेली तर?"

"तर ने."

असा करार झाला. दर रविवारी विनूचा फोन यायचा आणि आईच्या आधी बापूंच्या कमरेची चौकशी व्हायची.

सकाळी मालनला बसवायची खुर्ची धरायला मी जायची. बापू पाय फाकवून पलंगापाशी उभे राहायचे, गुडघे वाकवायचे, मालनचा डावा हात आपल्या गळ्यात घालायचे. मग "हं!" असा हुंकार, आणि मालन खुर्चीत. कधी त्यांचा पाय जरा वाकडा पडला तर ती अर्ध्या तोंडानं हसून म्हणायची, "ठे... वण." मग बापू पाय सरळ करून सलाम ठोकायचे.

जत्रेत आमच्याकडं देवळापुढची गोटी उचलतात. गोटी म्हणजे तेल लावल्यासारखा गुळगुळीत, गोल दगड. खांद्यावर घेईल त्याचा फेटा. तरुणपणी बापूंनी ती उचलली होती आणि तेवढ्यावर मालनच्या बापानं मुलगी दिली होती. यंदा पोरं त्यांना डिवचायला लागली, "बापू, नुसता दांडाच फिरवनार का? गोटीला हात लावा की!"

बापू गोटीपाशी गेले. दोन्ही तळवे तिच्यावर ठेवले. पुष्कळ वेळ ठेवले. मग सरळ उभे राहिले.

"न्हाई रं. उद्या मालनला उठवायचं हाय."

पोरं हसली. मलाही जीभ आवरेना. म्हटलं, "बापू, म्हातारे झालात."

"व्हय आक्का, झालो."

थंडीत मालनचं खाणं तुटलं. आधी भाकरी गेली, मग भात. पेजेचे चार चमचे उरले. डॉक्टर म्हणाले, तिला आवडेल ते द्या. बापूंनी शेवयाची खीर केली, गूळ घालून शिरा केला. ती तोंड फिरवायची. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, म्हणून एक दिवस मीच त्या काढून ठेवल्या.

गेल्या रविवारी सकाळी मी खुर्ची धरली. बापूंनी पाय फाकवले, गुडघे वाकवले, तिचा हात गळ्यात घेतला आणि उठले. हुंकार आलाच नाही. तिला तशीच धरून ते उभे राहिले, खुर्चीत ठेवायचं विसरले.

"आक्का," ते म्हणाले, "जोर लावावाच लागला न्हाई वो."

मी खुर्ची जवळ सरकवली. तेवढ्यात विनूचा फोन आला. बापूंनी मालनला बसवलं, तिची मान उशीला नीट टेकवली आणि मग फोन घेतला.

"बापू, कंबर कशी हाय?"

"चांगली हाय रं. लय चांगली हाय," बापू म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन पेज गरम करायला आत गेले.