मिश्र साहित्याची माळ

धाकटीची ताई परदेशात वारली. तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने ताईच्या हातची एक मण्यांची माळ पाकिटात घालून धाकटीच्या पत्त्यावर पाठवून दिली. पाकिटावर तिने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘माळ, मिश्र साहित्य.’ नुसतं ‘माळ’ लिहून गप्प बसली असती तर पाकीट सरळ घरी पोचलं असतं. पण कस्टमवाल्यांना ‘मिश्र’ हा शब्द दिसला की त्यांच्या अंगात येतं. पाकीट दुसऱ्या मजल्यावर वर्गीकरण शाखेत गेलं.

बाहेरून आलेली वस्तू नेमकी काय आहे हे ठरवणं, एवढंच या शाखेचं काम. खोटा दागिना कशाचा बनलाय त्यावर त्याचा कर ठरतो. दोन-चार पदार्थ एकत्र असले तर ज्याच्यामुळे दागिन्याला दागिनेपण येतं, तो खरा धरायचा. हे वाचायला सोपं आहे. शाखेत मात्र त्या दिवशी धातूचे एक जाणकार, काचेच्या एक आणि प्लास्टिकचा एक अशी तीन माणसं होती, आणि तिघांनाही आपापल्या पदार्थाचा अभिमान होता.

“पितळ आहे हे,” धातूवाले म्हणाले. “कड्या पितळेच्या, फासा पितळेचा. पितळ काढून टाका, राहते का माळ?”

“आणि काच काढली तर काय राहील?” काचवाल्या म्हणाल्या. “कुत्र्याची साखळी! माळभर काच आहे, डोळे उघडून बघा जरा.”

“माळभर कुठे? मला तर प्लास्टिकच दिसतंय,” प्लास्टिकवाला म्हणाला. तो शाखेत नवा होता, पण बाकीच्यांसारखा व्हायला त्याला फार दिवस लागले नव्हते.

माळेत थोडे लाकडी मणीही होते. पण लाकूडवाले रजेवर होते, त्यामुळे लाकडाची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

चहा आला, गार झाला, परत गेला. आवाज वाढला तेव्हा मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. “भांडता कशाला? वजन करा. ज्याचं जास्त भरेल त्याची माळ.”

वजन करायचं तर मणी सुटे हवेत. प्लास्टिकवाल्याने कात्री आणून दोरा कापला. चार वाट्यांत चार ढीग झाले. वजनात पितळ भरलं, पण ते बहुतेक मागच्या फाशाचं. मानेमागे झाकलेली गोष्ट दागिना कशी, असं काचवाल्यांनी विचारलं. संख्येत प्लास्टिक भरलं, पण संख्येला कोण विचारतो, असं धातूवाल्यांचं म्हणणं पडलं. शेवटी साहेब वाट्यांकडे बघून म्हणाले, “पण माळ कुठाय?”

“ही काय साहेब, समोरच.”

“ही माळ नाही. हे सुटे मणी झाले. सुट्या मण्यांचं वर्गीकरण वेगळं असतं.”

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साहेबांनी चार फायली उघडायला सांगितल्या.

धाकटी त्या दिवशी पुन्हा आली होती. खालच्या खिडकीवर तिला दर वेळी एकच प्रश्न विचारत, आणि उत्तर नाही म्हणून परत पाठवत. आज ती थेट वर आली.

“माळ कशाची आहे?” धातूवाल्यांनीही तेच विचारलं.

“मला नाही हो माहीत. मी बघितलेलीच नाही.”

“मग ज्याने बनवली त्याला विचारा.”

“माझ्या ताईने केलीय ती. पण ताई गेली. महिना झाला.”

मग साहेब कळवळून म्हणाले, “अहो, मयताच्या सामानाला कर लागतच नाही! आधी नाही का सांगायचं?”

“सगळे कशाची आहे तेच विचारत होते,” धाकटी म्हणाली. “कुणाची आहे, ते कुणी विचारलं नाही. द्याल ना आता?”

अखेर प्लास्टिकवाल्याने चार वाट्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. त्याचे कान लाल झाले होते. ती ओरडली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती वाट्यांकडे बघत राहिली.

“फोनवर म्हणायची, तुझ्यासाठी माळ ओवतेय,” ती म्हणाली. “फोटो मागू नको, हातात आली की बघ. तिने ओवलेली एकदा बघायची होती मला. बाकी काही नको होतं.”

“फोटो काढले असतीलच आपण!” साहेबांनी घाईने विचारलं.

काढले होते. पाकिटाचे, सगळ्या बाजूंनी, सीलसकट. नियमात तेवढंच होतं.

मग काचवाल्यांनी पर्समधून सुई-दोरा काढला. “बसा तुम्ही. होती तश्शी ओवून देतो.” पण होती कशी, हे सांगताना धातूवाल्यांना फक्त कड्या आठवत होत्या, काचवाल्यांना काच आणि प्लास्टिकवाल्याला प्लास्टिक. तिघांनी तडजोड केली. एक काच, एक प्लास्टिक, एक कडी, एक लाकूड, दोन्ही बाजूंना अगदी सारखं. दुकानात ठेवावी अशी माळ झाली.

धाकटीने ती हातात घेतली. “छान आहे. पण ही ताईची नाही.”

“तुम्ही तर बघितली नव्हती!”

“माळ नाही बघितली. ताईला बघितलंय ना! तिला दोन्ही बाजू सारख्या जमल्याच नाहीत कधी. माझ्या वेण्या घालायची, एक कानावर, एक मानेवर. धीर कसला तो नाहीच. जे आवडेल ते आधी संपवून मोकळी, मग उरलंसुरलं.”

तिने दोरा सोडला, मणी पुन्हा चार वाट्यांत वेगळे केले आणि वाट्या पुढे ओढल्या. आधी सगळी काच ओवली, रंगीत, एकापाठोपाठ एक. काच संपल्यावर प्लास्टिक. मग कड्या, आणि अगदी शेवटी, नाइलाजाने ओवल्यासारखं लाकूड. वाट्या रिकाम्या झाल्या. माळ टेबलावर ठेवली तर तोल जाऊन एकीकडे घसरली.

“अगं बाई, हो!” काचवाल्या म्हणाल्या. “काच माझ्याच बाजूला होती सगळी!”

“आणि माझ्या बाजूला प्लास्टिक,” प्लास्टिकवाला म्हणाला.

“ती अशीच घसरत होती,” धातूवाले हळूच म्हणाले. “मला वाटलं, माल खराब आलाय.”

या शाखेत तिघांचं एकमत पूर्वी कधी झालं होतं, ते साहेबांनाही आठवेना.

धाकटीने माळ गळ्यात घातली. ती एका खांद्याकडे कलली. सरळ करायला तिचा हात गेला आणि मध्येच थांबला. “वेडीच होती,” ती म्हणाली, हसायला लागली, आणि हसता हसता तिला महिनाभर न आलेलं रडू आलं. काचवाल्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. साहेबांनी स्वतः उठून दारावर ‘बंद’ची पाटी लावली, तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला बराच वेळ होता.