पार्टनरांची गळाभेट

प्रेम कसं दाखवावं हे मला कोणी शिकवू नये! मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये कलर मास्टर आहे. फिका गुलाबी आणि गडद गुलाबी यांच्या मधले सगळे गुलाबी मी डोळे मिटून सांगतो. (डोळे मिटून नुसतंच सांगतो. बरोबर आलं की नाही ते डोळे उघडून बघावं लागतं.) ज्यानं एवढ्या पॉलिस्टरला रंग चढवला, त्याला घरातल्या माणसाच्या गालावर लाली आणायला कितीसा वेळ लागणार? असा आपला माझा समज होता!

घरातलं माणूस म्हणजे श्रीरंग. मी अमळनेरकडचा, तो परभणीचा. दोघं पोटासाठी सुरतेत आलो, एक खोली भाड्यानं घेतली. पुढे ती सोडून दुसरी घेतली, तेव्हा वेगळं व्हायचं दोघांनाही सुचलं नाही. आता नवरा-बायको राहतात तसे आम्ही राहतो: भांडत, भाजी निवडत, एकमेकांचा चष्मा शोधत. लोकांना आम्ही 'दोस्त आहोत' असं सांगितलं होतं आणि लोकांनी ते ऐकून घेतलं होतं. घरमालक भाईदासशेठ देवभोळा माणूस. त्याला खरं कळलं तर खोली जाईल, ही धास्ती मात्र कायम उशाशी असायची.

श्रीरंग रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. अंगानं अंमळ भरलेला. म्हणजे गिऱ्हाइकाला आधी श्रीरंग दिसतो, मग दुकान.

सगळा घोळ केबलनं केला! आमचा टीव्ही रंगीत, म्हणून दर रविवारी संध्याकाळी शेजारच्या खानदेशी प्रमिलाबाई, त्यांचे यजमान सुकदेवभाऊ आणि कॉलेजात जाणारी मुलगी वैशाली आमच्याकडे एक इंग्रजी मालिका बघायला यायचे. इंग्रजी एकट्या वैशालीला कळायचं. आम्ही बाकीचे नुसते कपडे बघायचो.

मालिकेत एक भलामोठा वाडवडिलांचा बंगला आणि त्यात जोडपीच जोडपी! त्यातलं एक जोडपं दोन पुरुषांचं. एक टकलू, एक दाढीवाला. बाकीची जोडपी येता-जाता मुके घ्यायची. भाजी चिरताना, मोटार चालवताना, एकदा तर कुणाच्या मयताला! प्रमिलाबाई "शिव शिव!" म्हणत तोंडावर हात घ्यायच्या आणि बोटांच्या फटीतून एकही मुका सोडायच्या नाहीत.

"आन् हाई दोन्ही कोण वं?" एकदा त्यांनी टकलू-दाढीवाल्याकडे बोट दाखवून विचारलं.

वैशालीनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पार्टनर आहेत."

"कशाचे?" सुकदेवभाऊ सावरून बसले. "साड्यांचे का ड्रेस मटेरियलचे?"

सुरतेत पार्टनर म्हटल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार!

"खूप वर्षांचे पार्टनर आहेत," वैशाली म्हणाली.

"म्हणजे माणसं सचोटीची," सुकदेवभाऊंनी निकाल दिला. "नाहीतर आपल्या मार्केटात भागीदारी दिवाळी ते दिवाळी टिकत नाही."

पण हे सचोटीचे पार्टनर एकमेकांना कधी हात म्हणून लावायचे नाहीत! टकलू चहा द्यायचा, दाढीवाला 'थँक्यू' म्हणायचा. दाढीवाला कामाला निघाला की टकलू त्याच्या खांद्यावर थाप मारायचा, बैलाला मारतात तशी. मग एका रविवारी त्यांच्या एकत्र राहण्याचा वाढदिवस आला. मेणबत्त्या, फुलं, मंद संगीत! टकलू उठला, दाढीवाला उठला, दोघं जवळ आले, अजून जवळ आले... मी श्वास रोखला... आणि कॅमेरा वळला थेट माशांच्या काचेच्या पेटीकडे! एपिसोड संपेस्तोवर आम्ही मासे बघितले!

"पिवळा मासा छान शे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मंडळी गेल्यावर मी भडकलोच. "याला काय जोडपं म्हणायचं? इतकी वर्षं एका घरात आणि खांद्यावर थापा? यांच्यापेक्षा बस कंडक्टर जास्त जवळ येतो!"

श्रीरंग टॉवेलची घडी घालत होता. "बरोबरच दाखवलंय की. आपण तरी काय वेगळं करतो?"

"म्हणजे?"

"तू मला शेवटचं जवळ कधी घेतलंस?"

"परवाच नाही का, स्कूटरवर!"

"ते खड्डा आला म्हणून."

हसत म्हणाला खरा, पण घातलेली टॉवेलची घडी त्यानं मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. आता साड्यांच्या दुकानातला माणूस तीच घडी पुन्हा घालतो म्हणजे प्रकरण गंभीर! मला ते लागलं. ठरवलं, टीव्हीवाल्यांना जे जमलं नाही ते हा गजेंद्र करून दाखवणार!

पुढच्या रविवारी मंडळी यायच्या आत बेत आखला. त्याच मालिकेत एक तरणा हिरो आपल्या बायकोला उचलून गरागरा फिरवायचा. बायको सुपातल्या लाहीसारखी हलकी! मी विचार केला, उचलायचं तर काय, मिलमध्ये तरुणपणी कापडाचे ताके उचललेच होते. दाराला कडी घातली, श्रीरंगच्या हातात गुलाब दिला.

"कोण वारलं?" श्रीरंगनं विचारलं.

"गप्प उभा राहा. आज मी तुला उचलणार आहे."

"मला? क्रेन आणलीस का?"

"बोलू नकोस, मूड जातो!"

मी वाकलो, त्याच्या कमरेला मिठी घातली आणि जोर लावला. श्रीरंग उचलला गेला! खरंच गेला! निदान त्याच्या टाचा तरी गेल्या. आणि तेवढ्यात माझ्या कमरेत अशी काही उसण भरली की डोळ्यांपुढे सगळे गुलाबी एकदम चमकले! मी कोलमडलो, श्रीरंग माझ्यावर, आणि आम्ही दोघं भांड्यांच्या मांडणीवर! धडाम्! पातेली, ताटं, वाट्या, डबे, सगळं बरसलं. शेवटी एक झाकण बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

"मेलो! सोड!"

"मी कुठे धरलंय? तूच सोड!"

"कंबर! कंबर मोडली माझी!"

बाहेर प्रमिलाबाईंचा आवाज घुमला, "अहो, धावा! भाऊ एकमेकांना मारी ऱ्हायनात! दार उघाडा भाऊ, दार उघाडा!"

श्रीरंगनं उठून कडी काढली. त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटलेली, केसांत पोहे. मी काटकोनात वाकलेला. जमिनीवर चुरगळलेला गुलाब. सुकदेवभाऊ, प्रमिलाबाई, वैशाली, मागून अख्खी गल्ली. आणि सगळ्यांना बाजूला सारत भाईदासशेठ! गेली खोली!

"शुं थयुं? भागीदारी तूटी के शुं?" शेठनं गरजून विचारलं.

"नाही शेठ, ते आपलं... व्यायाम..." मी जमिनीकडे बघत म्हणालो. दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

"खोटं नको बोलू!" शेठ खाटेवर ठाण मांडून बसला. "माझ्या घरात मारामारी नाही चालणार. श्रीरंगभाई, तमे बोलो. काय तक्रार आहे?"

सगळी गल्ली श्रीरंगकडे बघायला लागली. आता हा काय बोलतो! माझा जीव टांगणीला. श्रीरंगनं केसांतले पोहे झटकले.

"तक्रार एकच," तो हळूच म्हणाला. "हा चांगला आहे. सगळं करतो. पण कधी तोंडानं बोलत नाही. मी असलो काय, नसलो काय, कळतच नाही."

वैशालीनं पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. मी गुडघ्यांवर हात टेकून उभा. समोर फक्त शेठची चप्पल. माणसांचे चेहरे दिसत नसले की खरं बोलायला सोपं जातं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

"शेठ," मी म्हणालो, "पाळी सुटल्यावर मिलमधून पळत घरी येतो ना मी, ते हा घरात असतो म्हणून. नाहीतर या खोलीत आहे काय? पंखासुद्धा आवाज करतो."

"पंखो पछी, पंख्याचं नंतर बघू," शेठ घाईघाईनं म्हणाला. पण त्याचा आवाज मऊ झाला होता. "चालो, झालं ते झालं. दोघं गळाभेट करा. माझ्यासमोर. अत्यारे ने अत्यारे, आत्ताच्या आत्ता!"

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर भांडलात, सगळ्यांसमोरच मिटवा!" सुकदेवभाऊ म्हणाले.

श्रीरंग पुढे आला. त्यानं मला कवेत घेतलं. पण मी काटकोनात, त्यामुळे माझं डोकं त्याच्या पोटात गेलं.

"अशी काय भेट?" प्रमिलाबाई ओरडल्या. "बकरा धडकी ऱ्हायना का काय! नीट भेटा! घट्ट!"

"भीड नको!" गल्लीतून कोणीतरी.

"मागून धरा श्रीरंगभाऊ, सरळ करा त्यांना!"

श्रीरंग मागे गेला, त्यानं दोन्ही हातांनी मला छातीशी आवळलं आणि अलगद वर उचललं. मला! कापूस उचलावा तसं! कमरेत 'कट्' असा आवाज झाला आणि मी ताठ सरळ! उसण गायब! गल्लीनं टाळ्या वाजवल्या, शेठनं "जय श्री कृष्ण!" म्हटलं, सुकदेवभाऊंनी शिट्टी मारली. आणि श्रीरंगनं मला खाली ठेवलं तरी सोडलं मात्र नाही. मीही "सोड" म्हणालो नाही. त्याचा कान माझ्या गालाला लागला होता आणि चांगला गरम झाला होता. गडद गुलाबी. न बघता सांगतो.

मंडळी पांगली. प्रमिलाबाई भांडी उचलायला थांबल्या. एक पातेलं पुसत खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मला इंग्रजी येत नाही. डोळे मात्र आहेत."

मी गार पडलो. "म्हणजे, वहिनी?"

"म्हणजे काय म्हणजे? आपल्या दोन घरांमधली भिंत अर्ध्या विटेची आहे. वैशालीला कळतं, मला कळतं. यांना कळत नाही, पण यांना मी रुसलेली पण कळत नाही." त्यांनी पातेलं मांडणीवर उपडं ठेवलं. "सुखानं राहा. फक्त समोरच्याचं वजन बघून प्रेम करत जा!"

आणि त्या हसत निघून गेल्या. खोली राहिली, शेजार राहिला, श्रीरंग तर झोपेपर्यंत गुणगुणत होता! एवढ्यावर संपलं असतं तर मी सगळ्यांना पेढे वाटले असते.

पण गल्लीत बातमी फुटली की श्रीरंगभाऊंच्या मिठीनं उसण निघते! दुसऱ्याच दिवशी भेस्तानहून सुकदेवभाऊंचे साडू आले, वाकडे येऊन सरळ गेले. मग लूमवाले आले, रिक्षावाले आले. आता रविवारी आमच्या दारात रांग असते. श्रीरंग एकेकाला मागून कवेत घेतो, आवळतो, उचलतो, कट्! परवा खुद्द भाईदासशेठ स्वतःला उचलवून घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "शुं मजा आवी!"

माझा नंबर? रांग संपल्यावर, श्रीरंगचे हात दुखत नसले तर! तोवर मी आत सगळ्यांचा चहा करतो.