श्री, निरंक आणि एकूण

जुलाब होत होते म्हणून आमचे कारकून दाजी भाटकर यांनी एकदा कचेरीत रजेचा अर्ज पाठवला. वर मधोमध 'श्री'. खाली उजवीकडे 'एकूण दिवस : एक'. मधे जागा उरली तिथे तिरकी रेघ मारून 'निरंक'. मी तो अर्ज सगळ्यांना दाखवत पोट धरून हसलो होतो. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आला आणि माझं हसणं संपलं.

आमची कचेरी रत्नागिरीतली, काम आंब्याच्या पाहणीचं. कुठल्या बागायतदाराची कलमं किती, आंबा उतरला किती, याचे आकडे दाजींनी कॉम्प्युटरच्या चौकटीचौकटींच्या शीटमध्ये भरायचे. ते शीट मी संख्याशास्त्राच्या पॅकेजात चढवायचं, की सरासऱ्या, टक्केवाऱ्या आपोआप बाहेर. पुण्याच्या प्रशिक्षणात मला असंच शिकवलं होतं. तिथे दाजी नव्हते.

पहिलंच शीट चढेना. पडद्यावर हिरव्या अक्षरांत नुसती चूक, चूक. सकाळ त्यात गेली. मग लक्षात आलं, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं हवीत तिथे दाजींनी 'श्री' घातलं होतं. मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत घातलं होतं, पण घातलं होतं. पॅकेजला वाटलं, पहिल्या रकान्याचं नावच श्री आणि बाकीच्यांना नावं नाहीत.

मी दाजींना बोलावलं. ते आपली खुर्ची उचलून कॉम्प्युटरच्या खोलीत आले आणि माझ्या शेजारी बसले. मी समजावलं, वरची ओळ फक्त नावांची. ते म्हणाले, "रीत म्हणून काही आहे की नाही?" तुम्हा घाटावरच्यांना घाई फार, असंही वर ऐकवलं. मी मूळचा साताऱ्याचा, हा गुन्हा ते कधी विसरले नाहीत.

दुसऱ्या खेपेला शीट चढलं. मी खुशीत यादी छापली, तर जिल्ह्यातला सर्वांत मोठा बागायतदार 'एकूण' नावाचा कोणी गृहस्थ निघाला. बाकी सगळ्यांचा मिळून जेवढा आंबा, तेवढा त्या एकट्याचा. दाजींनी तळाशी बेरीज मारली होती. बेरीज पॅकेज करतं हो, तुम्ही करू नका, असं मी कपाळाला हात लावून सांगितलं. त्यावर बेरजेशिवाय कागद म्हणजे शेंड्याशिवाय माड, असं त्यांचं मत पडलं.

मग गावांच्या रकान्यात 'सदर' निघालं. वरच्यासारखंच गाव, हे दाखवायला दाजी 'सदर' लिहीत. पॅकेजच्या हिशेबी अर्धा जिल्हा सदर या गावी राहत होता. आकड्यांच्या रकान्यात 'निरंक' निघालं, आणि एका निरंकापायी तो सबंध रकाना पॅकेजने मजकूर म्हणून बाजूला टाकला. मी विचारलं, या बागेत आंबा धरला नाही, की बाग मोजायलाच कोणी गेलं नाही? धरला नसेल तर शून्य लिहा, मोजलं नसेल तर चौकट रिकामी सोडा. दाजी शांतपणे म्हणाले, दोन्हीकडे आंबा हाती आला नाहीच ना? माझं डोकं फिरलं. मी टेबलावर फूटपट्टी आपटली. ते पान लावत ऐकत राहिले.

हे रोज दुपारचं. मी ओरडायचं, त्यांनी रीत सांगायची, चार वाजता चहा यायचा. चहा झाला की पुन्हा मी ओरडायचं. बायको म्हणायची, घरी येता तेव्हा तुमच्यात बोलायला आवाजच उरत नाही.

अशात पुण्याहून मोठे साहेब आले. त्यांनी सरळ सांगितलं, सोमवारी अहवाल हातात नसेल तर मशीन पुण्याला परत, आणि मशीनबरोबर मीही. मुलीला नुकतंच इथल्या शाळेत घातलं होतं, बायकोला शेजार जमला होता. मी शनिवारी शीट काढून पाहिलं. वर श्री, मधे सदर, खाली एकूण. त्या दिवशी मी दाजींना नको ते बोललो. तुमच्या रीतीपायी माझं बिऱ्हाड उठतंय, म्हटलं. ते छत्री घेऊन निघून गेले.

सोमवारी मी पडेल चेहऱ्याने कचेरीत आलो, शीट चढवलं आणि ते चढलं. एकही चूक नाही. मला खरं वाटेना. वर पाहिलं, नुसती रकान्यांची नावं. तळाशी पाहिलं, शेवटच्या बागायतदाराखाली कोरं. प्रत्येक ओळीत गावाचं नाव अख्खं लिहिलेलं. जिथे आंबा धरला नव्हता तिथे शून्य आणि मोजणी झाली नव्हती तिथे रिकामी चौकट. दुपारच्या आत अहवाल छापून झाला.

शिपाई म्हणाला, दाजींनी रविवारी किल्ली मागून नेली आणि दिवसभर एकटे बसून होते. बायको डोंबिवलीला मुलाकडे नातवंडं सांभाळायला गेल्यापासून ते घरी एकटेच असत, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, दाजी, हे सगळं तुम्हाला येत होतं?

"पहिल्या दिवशीच कळलं होतं की. तुम्ही समजावता चांगलं."

मग इतके दिवस माझं रक्त का आटवलंत, असं मी विचारलं. दाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला.

"चुकलं की तुम्ही बोलावता," ते म्हणाले. "घरी कोणी बोलावत नाही. पण तुम्हीच गेलात, तर बरोबर काय नि चूक काय, काय करायचंय मला?"

मला एकदम भरून आलं. इकडेतिकडे पाहिलं आणि सवयीने ओरडलो, की दुपारचे दोन वाजले, आणि तुमची खुर्ची अजून इथेच कशी?

दाजी लगबगीने उठले आणि खुर्ची उचलून माझ्यामागे कॉम्प्युटरच्या खोलीत आले.