कोंबड्याच्या वाफ्यातला बिबट्या

सकाळी तुकोजीरावांनी मागचं दार उघडलं, कोंबड्याच्या फुलांच्या वाफ्याकडं पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसले. लाल मखमली तुरे नुकते कुठं भरायला लागले होते. त्यातली सात रोपं उपटून पडली होती, आणि त्यांच्या जागी मांजरांनी आपलं रोजचं काम उरकून वरून नीट माती ओढली होती.

"वाणी," त्यांनी आत हाक मारली, "आज सात."

"काल पाच होती नव्हे?" वाणीबाई कॉफीचा लोटा घेऊन दारात आल्या. "वाढतायत की."

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तुकोजीरावांचा सगळा जीव कुवेंपुनगरातल्या घरामागच्या त्या तुकड्यात होता. दसऱ्याच्या बागांच्या स्पर्धेत त्यांना लागोपाठ तीन वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, आणि आता त्यांना आणखी उत्तेजन नको होतं. यंदा पहिला नंबर हवा होता. परीक्षक येत्या शुक्रवारी यायचे होते. वाफ्यातली माती ते स्वतः चाळणीनं चाळत. इतकी मऊ, भुसभुशीत माती गल्लीतल्या मांजरांना अख्ख्या लेआउटमध्ये दुसरीकडं मिळणं शक्यच नव्हतं. शेजारच्या ईश्वरी मॅडम त्या पाच मांजरांना दोन्ही वेळा दूधभात घालत. जेवण तिकडं आणि पुढचं सगळं इकडं, अशी वाटणी ठरून गेली होती.

उपाय काही कमी झाले नव्हते. मंडी मोहल्ल्यातल्या ज्यूसवाल्याकडून त्यांनी पोतंभर संत्र्याच्या साली स्कूटरवरून आणल्या. मांजरं आली ती आलीच, शिवाय साली खायला गायही फाटक ढकलून आत आली. निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तर मांजरं त्यांच्या सावलीत झोपली. मिरपूड टाकली त्या दिवशी वारा फिरला आणि तुकोजीराव संध्याकाळपर्यंत शिंकत राहिले.

शेवटी बेंगळुरूहून लेकीचा, पूजिताचा फोन आला. "पप्पा, मांजर कुणाला भितंय सांगा. मोठ्या मांजराला! मी एक ऑडिओ पाठवते. चिरतेचा आहे, बिबट्याचा. सकाळ-संध्याकाळ स्पीकरवर लावा."

रविवारी संध्याकाळी साडेसहाला तुकोजीरावांनी नेच्याच्या कुंडीमागं स्पीकर लपवला आणि खिडकीत उभं राहून फोनवर बोट ठेवलं. असा आवाज निघाला की वाणीबाईंच्या हातातली पळी खाली पडली. पाचही मांजरं भिंतीवरून एकदमच गेली. तुकोजीराव कित्येक दिवसांनी पोटभर हसले. सोमवारी पहाटे त्यांनी पुन्हा एकदा लावला, आवाज थोडा वाढवून.

सातला दूध आणायला गेले तर बूथपाशी पंचवीस माणसं.

"सर, तुमच्याच बाजूनं आला आवाज," ईश्वरी मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी शेपटी पाहिली. एवढी लांब!"

तुकोजीरावांनी बोलायला तोंड उघडलं, तोवर कुणीतरी म्हणालं की वनखात्याला फोन गेलाय, आणि मुलांना आज कुणी शाळेत पाठवत नाहीये. उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं.

"अहो, सांगून टाका," घरी वाणीबाई म्हणाल्या.

"सांगतो. जरा गर्दी कमी होऊ दे."

गर्दी कमी झाली नाही. दुपारी वनखात्याची जीप आली. साहेबांनी फाटकात उभं राहून विचारलं, "तुम्ही आवाज ऐकलात?"

"ऐकला."

"किती जवळून?"

"अगदी जवळून."

"घाबरला असाल."

"आता घाबरलोय," तुकोजीराव म्हणाले. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

मऊ मातीत पावलांचे ठसे चांगले उमटतात म्हणून साहेबांनी पिंजऱ्यासाठी जागा निवडली ती कोंबड्याच्या वाफ्याची. सहा माणसांनी लोखंडी पिंजरा उचलून आणला आणि उरलेल्या रोपांवर ठेवला. मागच्या कप्प्यात आमिष म्हणून जिवंत कोंबडी सोडली. भोवती लाल-पांढरी पट्टी बांधली, घरच्यांनीही बागेत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं आणि मंजुनाथ नावाच्या वनरक्षकाला खुर्ची देऊन बसवलं. आपली कोंबड्याची फुलं गेली आणि त्या जागी खरी कोंबडी आली, हे तुकोजीराव खिडकीतून बघत राहिले.

बिबट्या आला नाही. मांजरं मात्र परत आली. आवाज बंद झाला होता आणि कोंबडीचा वास तीन गल्ल्यांपलीकडं पोचला होता. मंगळवारी पाचाची आठ झाली, गुरुवारी अकरा. ती पिंजऱ्याभोवती बसून कोंबडीकडं टक लावून बघत. अधूनमधून एखादं आत शिरे, दार धाडकन पडे, मंजुनाथ शिव्या देत त्याला सोडवी आणि हातावर ओरखडे घेऊन खुर्चीत परत येई. येताजाता त्याच्या बुटांखाली झेंडूही गेला. तुकोजीराव खिडकीतून तांब्यातांब्यानं पाणी फेकत. ते पोचे फक्त मांजरांपर्यंत.

शुक्रवारी दहाला परीक्षक आले: हयग्रीव नावाचे एक वयस्क प्राध्यापक आणि फाइल घेतलेल्या एक बाई. पट्टीपाशी दोघं थबकले.

"पाच मिनिटं आत सोडलं तरी पुरे," हयग्रीव म्हणाले. "आज यादीचा शेवटचा दिवस आहे."

तुकोजीरावांनी मंजुनाथला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि कानडीत सगळं सांगून टाकलं. मांजरं, स्पीकर, पूजिता, सगळं. पुरावा म्हणून फोन त्याच्या कानाला लावला, अगदी बारीक आवाजात.

मंजुनाथनं शांतपणे ऐकलं. "परत लावा." परत ऐकलं. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "सर, हा चिरते नाही."

"म्हणजे?"

"चिरते करवतीनं लाकूड कापल्यासारखं ओरडतं. एकोणीस वर्षं ऐकतोय. हा सिंह आहे."

"असू दे की सिंह! पण खरा नाही ना? मग पट्टी काढा."

"पट्टी साहेब काढणार. साहेबांना हे ऐकवावं लागणार. आणि आमचे साहेब पुरतं कुणाचं ऐकत नाहीत." मंजुनाथनं पिंजऱ्याकडं बोट केलं. "चिरते म्हटल्यावर हा आला. सिंह म्हणालात तर याहून मोठा येईल. पंधरा दिवसांचा नियम आहे, सर. दहाच राहिलेत. सुम्मने बसा, गप्प."

तुकोजीराव टाकीमागून परत आले. पट्टीपलीकडं ईश्वरी मॅडम परीक्षकांना सांगत होत्या, "सर एवढ्या जवळून ऐकूनसुद्धा घर सोडून गेले नाहीत." फाइलवाल्या बाईंनी पिंजऱ्याचा फोटो घेतला, मान वाकवून बराच वेळ आत काहीतरी मोजलं, लिहून घेतलं आणि दोघं निघून गेली.

पुढच्या बुधवारी निकालाचं पाकीट आलं. तुकोजीरावांना ते उघडवेना. खिडकीशी पाठमोरे उभे राहून ते म्हणाले, "तूच वाच."

"उत्तेजनार्थ," वाणीबाई म्हणाल्या.

"पुढं?"

"पुढं शेरा आहे." त्यांनी चष्मा नीट केला. "'वनखात्याच्या कामामुळे बाग पाहता आली नाही. मालकांनी प्राण्यांची निगा मात्र फार प्रेमानं राखली आहे. अकराही मांजरं धष्टपुष्ट.'"

तुकोजीरावांनी काचेला कपाळ टेकलं आणि ओठ हलवत बाहेर एकेक करून मोजलं.

"तेरा," ते म्हणाले.