लाल पट्टीच्या बारा गाई

वसुबारसेला कतारमध्ये पूजेला गाय कुठून आणायची, हा प्रश्न सुचित्राला नव्हता. तिचा नवरा प्रताप वाळवंटातल्या एका डेअरीचा मॅनेजर होता. शुक्रवारी तिन्हीसांजेला ती अल हिलालच्या घरून पूजेचं ताट घेऊन थेट गोठ्यात हजर झाली.

मोठाले पंखे बारीक तुषार उडवत होते. त्या धुक्यात काळ्या-पांढऱ्या गाई तरंगत असल्यासारख्या दिसत. प्रतापलाही जरा गुंगीच आली. "कर निवांत पूजा," म्हणून तो ट्रकचे कागद आणायला गेला. दूध आटलेल्या बारा गाई वेगळ्या बांधल्या होत्या, त्यातल्या नऊ आज जायच्या होत्या. कुठे, ते त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. "रिटायर होतात," एवढंच.

उरलेल्या तिघींना अँटिबायोटिक दिलेलं, म्हणून पायाला लाल पट्टी. लाल पट्टीवाली अठ्ठावीस दिवस ट्रकमध्ये चढत नाही. चुकून एक जरी गेली आणि मांसात औषध सापडलं, तर पुढच्या आठवड्यात रिन्यू व्हायचं प्रतापचं कॉन्ट्रॅक्ट खलास!

परत येऊन पाहतो, तर बाराही गाईंच्या पायात लाल पट्ट्या.

"अगं, हे काय केलंस?"

"तिघींनाच बांधल्या होत्या. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? खोक्यात ढीगभर पडल्या होत्या. आता आधीच्या तिघी कुठल्या, ते नाही ओळखू यायचं."

प्रताप कॉम्प्युटरकडे धावला. तिथे औषध दिलेल्यांचे दोनच नंबर. तिसरीला दुपारीच इंजेक्शन दिलेलं. त्याने डॉक्टर अरुणकुमारना फोन लावला.

"नंबर? एंट्री कल करूँगा. पट्टी बांधी है ना, लाल वाली!"

ट्रकवाला कासम बाराही पाय पाहून परत स्टेअरिंगवर बसला. "लाल पट्टी, नो गाडी. यल्ला, मैं चला."

ट्रक रिकामाच गेला. प्रतापने साहेबांना मेसेज केला: शंका आल्याने बाराही गाई रोखल्या. उत्तर लगेच आलं. अशीच काळजी घेणारा माणूस हवा, कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवतोय.

त्याला हायसं वाटलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "थोडक्यात वाचलो. तुला पट्टीचं माहीत नव्हतं, तुझा काय दोष?"

"इतकी वर्षं जेवताना तुमचं पट्टीपुराण ऐकतेय, माहीत कसं नसेल?" सुचित्रा शांतपणे म्हणाली. "आणि रिटायर झालेल्यांचं मांस कोण तपासतं हो? वसुबारसेला मी नाही जाऊ देणार."

प्रतापने गाडी सुरू केली. बाहेर वाळू निळसर होत चालली होती.

"अठ्ठावीस दिवसांनी मात्र पाठवावंच लागेल," तो हळूच म्हणाला.

"मोजलंय मी. अठ्ठावीस दिवस संपले, की दुसऱ्याच दिवशी एकादशी आहे."