बेससाठी स्थळ पाहिजे

कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरला कांदेपोहे करणारं घर आमच्या अंथुर्ण्यात एकच आहे आणि ते माझ्या घराला लागून आहे. भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला की मी ओळखतो, आज सोपानकडे नवीन स्थळ आलंय. थोड्या वेळानं तो स्वतःच बोलवायला येतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून चापून बसवलेले. "सर, चला की. जर्मनीचं स्थळ हाय. एक डाव नजरंखालनं घाला."

सोपान पस्तिशी ओलांडलेला आहे. घरची डाळिंबाची बाग आहे, आणि बागेतून सवड मिळाली की तो वरातीतल्या डीजेसाठी बेस बनवतो. बेस म्हणजे गाण्यातला तो तळाचा आवाज. वरात अजून वेशीवर असते आणि आपल्या मांडणीवरची भांडी थरथरायला लागतात, ती त्या बेसनं. हल्ली तो कुठलं वाद्य वाजवून काढत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये सिंथ नावाचं सॉफ्टवेअर घ्यायचं, पडद्यावरची बटणं पिळत बसायची आणि हवा तो आवाज घडवायचा. अशी सिंथ जगात ढीगभर आहेत. कंपन्या ती थोडे दिवस फुकट वापरायला देतात आणि पटलं तर विकत घ्या म्हणतात. बाकीचं जग त्याला ट्रायल म्हणतं. सोपान त्याला बघण्याचा कार्यक्रम म्हणतो.

हे सगळं सुरू झालं शेळगावच्या एका वरातीपासून. सोपानचं जुनं सिंथ ऐन रंगात आल्यावर पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाजलं आणि कुणीतरी चारचौघांत म्हणालं, "बेसमधी दम न्हाय." सोपान दोन वेळा जेवला नाही. आता त्याच शेळगावातून दुसऱ्या एका वरातीची ऑर्डर आली होती. या खेपेला बेस पडला तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. म्हणून स्थळ नीट पारखून घ्यायचं होतं.

कार्यक्रम रीतसर व्हायचा. पडवीत सतरंजी. मधोमध स्टुलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी छातीएवढा स्पीकरचा खोका. एका बाजूला सोपानचे चुलते तात्या, दुसऱ्या बाजूला मी. सोपानची आई, आक्का, पोह्यांच्या बशा घेऊन यायची. त्यातली एक बशी स्पीकरच्या खोक्यावर ठेवायची. ती कुणी खायची नाही, ती परीक्षेची.

"शेंगदाणा नाचला पायजे, पोहा जाग्यावर पायजे," हा सोपानचा सिद्धांत. शेंगदाणा हलला नाही तर बेस मुळमुळीत. पोहेही उडायला लागले तर बेस उठवळ. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोहे फुकट असल्यामुळे मान डोलवायला माझी हरकत नसे.

प्रश्न विचारायचं काम तात्यांचं. त्यांनी भावकीतली निम्मी लग्नं जमवली आहेत आणि समोर मुलगी नसून मशीन आहे, एवढ्यावरून ते आपली प्रश्नावली बदलणाऱ्यातले नाहीत.

"मूळ गाव?"

"जर्मनी."

"वय?"

"नववी व्हर्जन हाय."

"म्हंजे आठ येळा सुधारून घ्यावं लागलंय. आधी कुठं मोडलंबिडलं न्हाय ना?"

"अधनंमधनं क्रॅश होतं म्हणत्यात लोक."

"आन् मागणी काय हाय त्यांची?"

"सोळा जीबी रॅम मागत्यात."

तात्या सतरंजीवर सरळ होऊन बसले. "हुंडा बंद झालाय म्हणावं. पदरात घालायचं तर असंल त्या रॅमवर घाला."

मग सोपान बटणं फिरवायचा. जर्मनीच्या स्थळाचा बेस मला तर झकास वाटला. शेंगदाणा नाचला, पोहा जागच्या जागी. पण सोपान डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "आवाज लई धुतलेला हाय सर. ह्याला घाम न्हाय. वरातीत धा जणांच्या खांद्याला खांदा लागतो, तितं ह्यो माणूस एका बाजूला हुबा राहील." अमेरिकेच्या स्थळावर इतकी बटणं होती की आक्का लांबूनच म्हणाली, "हिला सांभाळायला आनखी एक सून आणावी लागंल." एक फुकटातलं होतं, स्वभावानं गरीब, पण दर थोड्या वेळानं नावनोंदणी करा म्हणून मागे लागायचं. तात्यांनी त्याला दारातूनच परत पाठवा म्हणून सांगितलं.

इथपर्यंत मी हसत होतो. माझी खरी पंचाईत कार्यक्रम संपल्यावर व्हायची.

नापसंत सिंथ कॉम्प्युटरमधून काढून टाकताना कंपनी विचारते, का सोडून चाललात? खाली एक रिकामा चौकोन असतो. तो भरायचा नसतो, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. सोपान तो भरायचा. तोही त्याच दिवशी, आणि लिहायला मी. तो मराठीत सांगणार, मी इंग्रजी करणार.

"लिवा सर. आदरणीय साहेब, आपलं स्थळ घरंदाज हाय. आवाजात खोट काडायला जागा न्हाय. आमचा योग जुळला न्हाय, दोष तुमचा न्हाय. तुमाला चांगलं घर मिळंल. राग नसावा."

'योग'ला इंग्रजी शब्द शोधताना माझी भंबेरी उडायची. योगासनं लिहिलं जाईल अशी मला धास्ती वाटे. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, पलीकडे माणूस नसतो रे. मशीन असतं. कुणी वाचत नाही हे."

"नसंल वाचत," सोपान म्हणाला. "पण असंल, तर? कळवतो म्हणायचं आन् कळवायचं न्हाय, ह्ये बरं न्हाय सर. मानूस वाट बघत बसतो."

मला कऱ्हाटी आठवली.

संक्रांतीच्या सुमारास सोपानला कऱ्हाटीचं एक स्थळ आलं होतं. यावेळी खरोखरचं. तात्यांचा गुडघा धरला होता, म्हणून वडीलधारा माणूस म्हणून सोपाननं मला नेलं. बाग असलेला मुलगा म्हटलं की हल्ली मुलीकडचे आधी पुण्यात नोकरी आहे का विचारतात, तसं त्यांनीही विचारलं. मुलीच्या वडिलांनी मग जोडधंदा विचारला. सोपान म्हणाला, "बेस करतो." त्यांना कळेना, तेव्हा त्यानं उठून त्यांच्या भिंतीवर मूठ आपटून दाखवली. वरच्या कोनाड्यातलं घड्याळ खाली आलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मुलगी मात्र हसली नाही. कल्याणी तिचं नाव. तिनं मान वर करून विचारलं, "बेस ऐकायचा असतो का जानवायचा?"

परतीच्या वाटेवर भिगवण रस्ता लागला तसं सोपाननं गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, "सर, इतकी वर्सं ह्या धंद्यात हाय. ह्यो प्रश्न मला कुणीच इचारला न्हाय."

निघताना वडील म्हणाले होते, "इचार करून कळवतो."

तेव्हापासून सोपान वाट बघत होता. फवारणी करतानाही फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात असायचा. बाकी सगळ्या जगाला त्याची बेसची रिंगटोन होती. कऱ्हाटीच्या नंबराला मात्र साधी घंटा. "बेसनं नुसता खिसा हालतो सर. ट्रॅक्टरवर कळंना झालं तर?" घंटा वाजली नाही. मी मधून विषय काढला तर म्हणायचा, "इचार करत असत्याल. घाई कशाला?" त्या इंग्रजी चौकोनांमध्ये मी ज्याच्या वतीनं 'राग नसावा' लिहीत होतो, तो स्वतःच ते शब्द कुणाकडून तरी ऐकायची वाट बघत होता, हे मला तेव्हा कळलं आणि मी योगाचं भाषांतर मुकाट्यानं करायला लागलो.

शेवटी स्थळ पसंत पडलं. कुठल्या तरी थंड देशात एकटा माणूस बनवतो असं सिंथ होतं. पडद्यावर मोजकी बटणं, रूप अगदी साधं. आवाज सुरू झाला तेव्हा मला वाटलं अजून सुरूच झालेलं नाही. मग माझ्या मांडीखालची सतरंजी गुरगुरायला लागली. शेंगदाणा नाचत होता, पोहा हलत नव्हता.

"ह्ये," सोपान म्हणाला. "ह्ये ऐकायचं न्हाय. जानवायचं हाय." तात्यांनी सुपारी फोडली. आक्कानं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, त्यातलं थोडं बटणांच्या फटीत गेलं आणि ते अजून निघालेलं नाही.

त्या बेसवर सोपाननं शेळगावच्या वरातीसाठी गाण्याचा तुकडा केला. आठवडाभर त्याच्या घरातून भिंत गुरगुरत होती. राहिली होती फक्त नावं. वरातीच्या तुकड्यात सुरुवातीला नवरा-नवरीचं नाव भारदस्त आवाजात पुकारतात. तो आवाज माझा असतो. शाळेतल्या वर्गात ज्याचा काही उपयोग झाला नाही, त्या आवाजावर इंदापूर तालुक्यातली पोरं नाचतात, हे मी मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.

दुपारी शेजारच्या विहिरीची मोटार बंद झाल्यावर आम्ही रेकॉर्डिंगला बसलो. सोपाननं कानाला हेडफोन लावले आणि नावांचा मेसेज उघडून आपला फोन माझ्या हातात दिला. मेसेज नुकताच आला होता, त्यानंही वाचला नव्हता. मी घसा साफ केला.

"शेळगावचे सुपुत्र, चिरंजीव अक्षय... यांच्या स्वागताला सज्ज व्हा... आणि त्यांच्यासोबत, कऱ्हाटीची कन्या..."

पुढचं नाव मी मनात वाचलं आणि तिथंच थांबलो. खाली वडिलांचंही नाव होतं. घड्याळ पडलेलं तेच घर.

मी फोन खाली ठेवला. सोपाननं वाकून पडद्यावर पाहिलं. मला फार वाईट वाटलं. त्यापेक्षा जास्त राग आला.

"हे काम सोडून दे," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला दे म्हणावं."

सोपाननं हेडफोन नीट बसवले. "सर, परत एकदा घ्या. 'कन्या'वर आवाज पडला तुमचा."

"सोपान..."

"तिच्या वरातीत बेस कच्चा राहायला नको. तिला कळतं त्यातलं."

मी पुन्हा वाचलं. कल्याणी हे नाव मी जितकं चांगलं घेता येईल तितकं चांगलं घेतलं. सोपाननं त्याच्याखाली तो बेस सोडला. खोक्यावर आज बशी नव्हती, पण खिडकीचा गज धरून उभ्या असलेल्या आक्कानं हात काढून घेतला आणि तळव्याकडे बघत राहिली.

काम संपलं. लॅपटॉप मिटून सोपान म्हणाला, "सर, एक करा. कऱ्हाटीला फोन लावा. सांगा, आमाला कळलं म्हणून. कसं कळवावं म्हणून त्यांचाबी जीव टांगनीला लागला असंल."

मी तिथंच अंगणात जाऊन फोन लावला. मुलीच्या वडिलांनी माझा आवाज ओळखला. मग म्हणाले, "रोज कळवायचं ठरवीत हुतो सर. तोंड होत न्हवतं. पोरगा भला हाय तुमचा, त्याच्यात काय खोट न्हवती. त्याला म्हणावं, राग नसावा."

मी आत येऊन शब्द न् शब्द सोपानला सांगितलं. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकलं.

"भरला म्हणायचा त्यांनी चौकोन," तो म्हणाला.

मग फोन हातात घेऊन त्यानं कऱ्हाटीच्या नंबराची साधी घंटा काढली आणि साऱ्या जगाला होती ती बेसची रिंगटोन त्याला लावली. नंबर मात्र राहू दिला. आक्का आत पोहे भिजवायला गेली. आज कुठलंच स्थळ बघायचं नव्हतं.